गाडीची एकादशी

(सोलापूर. अक्कलकोट रोडवरचं हाशम मिस्त्रीचं गॅरेज, दुपारचे तीन. बॉनेट उघडं टाकलेली जुनी काळी जर्मन मोटार.)

हाशम: …मग हौ म्हणा नाईतर नक्को म्हणा. पण शेठ, बॉनेटमदी डोकं घालून उभं राहिल्यानं इंजिन काय कानात सांगत नाई.

मानसिंग: विचार करतोय मी.

हाशम: सकाळी नऊपासनं चाललाय तुमचा विचार. तिकडं हॉटेलात मुंबईचा पार्टवाला महबूब बसलाय, पाचवा चहा झाला त्याचा. पाचची एस.टी. पकडणार तो. कारबेटरची जोडी इथं ठेवायची आन् हिचा पेट्रोल फवारणारा पिचकारीचा पंप घेऊन जायचा, नाईतर जोडी उचलून माघारी. अदलाबदल, दुसरं कायबी नाई.

मानसिंग: एकदा पंप त्याच्या पिशवीत गेला की गेला, हाशमचाचा. पुन्हा मिळायचा नाही.

हाशम: नाई मिळायचा. आख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाई.

मानसिंग: अहो, मी तरी दुसरं काय म्हणतोय! कार्बोरेटर काय, अँबॅसडरला असतो, जीपला असतो. आमच्या गल्लीतल्या कोंडीबाच्या फटफटीला पण असतो. पिचकारीची गाडी सोलापुरात एकच. आमच्या अण्णांनी मिलच्या गोऱ्या साहेबाकडनं ही घेतली ती कशासाठी? लग्नाकार्यात लोक बॉनेट उघडून बघतात हिला.

हाशम: बघतात, कारण ती तिथं बंद पडलेली असती.

मानसिंग: एकदा. एकदा पडली.

हाशम: एकदा? बसवराजच्या पोराच्या वरातीत काय झालं? मी नव्हतो तिथं, पण आख्खं गाव मला येऊन सांगून गेलं.

मानसिंग: कशाला उकरून काढताय आता?

हाशम: नवरदेव खाली उतरला. बाशिंग बांधून, कट्यार सावरत, सोताच्या वरातीची गाडी सोतानं ढकलत गेला. बरोबर ना?

मानसिंग: बँडवाल्यांनी पण हात लावला होता.

हाशम: आन् वाजवत कोण होतं?

मानसिंग: एकटा ताशावाला. बस झालं, चाचा. त्या दिवसापासनं बसवराज मला टॉवेलची ऑर्डर देताना पण हसतो. म्हणूनच तर म्हणतोय, गुरुवारी असं काही होता कामा नये. गुरुवारी माझी विजयमाला ह्या गाडीत बसून वैरागला सासरी जाणार. तिच्या आजोबांच्या गाडीतनं. वैरागच्या वेशीत तिला गाडी ढकलायला लागली, तर व्याही जन्मभर मला बोलून दाखवतील.

हाशम: मग बसवू दे की कारबेटर. कारबेटर म्हणजे आपल्या गावाकडचा गडी. शिळी भाकर द्या, कांदा द्या, पाण्यात भिजवून द्या, खातो आन् कामाला लागतो. आन् ही पिचकारी म्हणजे साहेब. ह्याला उकळून गार केलेलं पाणी पाहिजे. सहा नळ्या, सहा सिलेंडर, एकेका थेंबाचा हिशेब. जरा कुठं घाण आली की दट्टे अडकले. साहेब रुसला.

मानसिंग: नऊ वर्षं कसा रुसला नाही मग?

हाशम: कोण?

मानसिंग: तुमचा साहेब. अण्णा होते तोवर नऊ वर्षांत दोन पंक्चर झाली. एकदा हॉर्न गेला. बाकी काही नाही. करकंबच्या उसाच्या फडापर्यंत घेऊन जायचे ते ही गाडी, चिखलातनं. अण्णा गेले दुष्काळाच्या आदल्या वर्षी. तेव्हापासनं हिचं हे सुरू झालंय. आणि मिस्त्री तेच, पंप तोच, रस्ते तेच. ह्याचं काय उत्तर आहे तुमच्याकडं?

हाशम: वय झालं पंपाचं.

मानसिंग: वय झालेला माणूस रोज थोडा थोडा कुरकुरतो. ही तशी नाही. ही बरोबर पंधरा दिवसांनी बंद पडते. तेरा दिवस घोडीसारखी पळते, चौदाव्या दिवशी आचके द्यायला लागते. आमच्याकडं मागावर चनबसप्पा आहे ना, तो तर परवा म्हणाला, शेठ, तुमची गाडी एकादशी धरती.

हाशम: एकादशी?

मानसिंग: काय झालं? पाना का पडला?

हाशम: तेलकट हात. निसटला.

मानसिंग: तीस वर्षांत तुमच्या हातनं पाना निसटलेला मी बघितला नाही.

हाशम: आता बघितला. शेठ, पाच वाजता गाडी सुटती महबूबची.

मानसिंग: सुटू दे. मला एक सांगा, दरवेळी तुम्ही टाकी उतरवता, नळ्या फुंकता, आणि मी विचारलं की म्हणता, ‘कचरा होता, काढला.’ कसला कचरा?

हाशम: कचरा म्हणजे कचरा. आता त्याचं काय नाव-गाव-गोत सांगू?

मानसिंग: मी तीन पेट्रोल पंप बदलले ह्या कचऱ्यापायी! एका मालकाशी तर हातघाईवर आलो होतो. बिरदेव ड्रायव्हरला मी तोंडावर चोर म्हणालो. म्हणालो, तू पेट्रोल काढतोस आणि वरनं पाणी भरतोस. तो म्हणाला, बिरोबाची आण घेतो. मी म्हणालो, घे. त्यानं घेतली. तरीपण मी त्याला काढून टाकला.

हाशम: बिरदेवला काढलं? कधी?

मानसिंग: झाले की पंधरा दिवस. कुठं तरी ट्रकवर लागलाय म्हणे.

हाशम: हे काय केलंत, शेठ! तो गरीब माणूस थेंबाला शिवला नव्हता.

मानसिंग: तुम्हाला काय माहीत?

हाशम: माहीत हाय.

मानसिंग: कसं काय?

हाशम: अस्संच. माणूस ओळखतो मी. देखो, ह्या कारबेटरला खाली ही वाटी असती. बघितली? पाणी आलं तर जड म्हणून तळाला बसतं. खालचं हे बूच ढिलं करायचं, पाणी बाहेर, बूच बंद, गाडी चालू. कुणालाबी जमतंय. म्हणून म्हणतो, ह्या गाडीला हाच पाहिजे.

मानसिंग: पाणी?

हाशम: उदाहरण दिलं.

मानसिंग: मी कचरा विचारला आणि तुम्ही पाणी सांगताय. चाचा, माझ्याकडं बघून बोला. काय लपवताय तुम्ही?

हाशम: शेठ, तो टांगा कुणाचा थांबला बाहेर?

मानसिंग: विषय बदलू नका.

हाशम: नाई, खरंच. आक्का उतरतायत.

मानसिंग: आई? आई, तू इथं? आणि अशा उन्हात? लग्नघर सोडून?

बजाबाई: सरक, मला सावलीला यिऊ दे. लग्नघरात बाया हायत की वीस. एकीच्या पायात एक येतीया, माजं काय आडलंय तितं? हाशम, बरा हायस न्हवं?

हाशम: दुवा हाय, आक्का. बसा, हा स्टूल पुसून देतो.

बजाबाई: बसाय येळ न्हाय. टांगेवाला खोळंबलाय. काय रं मानसिंग, तू ह्यांच्या गाडीची पिचकारी काढाय निघालास म्हनं? मला विजयमालानं सांगितलं. बापानं जीव लावून आनलेली वस्तू, आन् तू इकाय काढलीस?

मानसिंग: विकत नाही, आई. अदलाबदल आहे. आणि अजून माझं ठरलेलं नाही. चाचाच मागं लागलेत.

बजाबाई: हाशम, तू? तू सांगतुयास काढा म्हून?

हाशम: पंपाचं वय झालंय, आक्का.

बजाबाई: वय माजंबी झालंय. मला बी काढून दुसरी बसवतासा का?

मानसिंग: आई, हातात काय आहे तुझ्या? झाकून काय आणलंस?

बजाबाई: काय न्हाय. फुलपात्र हाय. गाडी चार दिस झालं घरी न्हाय, म्हून मीच हितं आले. ते झाकन कुटं आसतंय, मागल्या अंगाला न्हवं?

मानसिंग: कसलं झाकण?

हाशम: आक्का, आज नक्को. आज राहू द्या.

मानसिंग: थांबा. ‘आज नको’ म्हणजे काय, चाचा? आई, तू पेट्रोलच्या टाकीचं झाकण का उघडतेस? आई!

बजाबाई: वरडू नगंस. आज एकादशी हाय. तीर्थ घालतिया.

मानसिंग: तीर्थ! टाकीत?

बजाबाई: तुळशीचं पानी हाय. पेट्रोल का काय ते तुमी घालता ते चालतंय, आन् देवाचं पानी चालत न्हाय व्हय?

मानसिंग: हे कधीपासनं करतेस तू?

बजाबाई: हे गेले तवापासनं. दर एकादशीला. फुलपात्रभर, जास्त न्हाय. वर एक पान.

मानसिंग: चाचा, आईला स्टूल देतो म्हणालात ना? तो मला द्या. मला बसायचंय.

हाशम: बसा, शेठ.

मानसिंग: महिन्याला दोन एकादश्या. वर्षाच्या चोवीस. सहा वर्षं! आणि मी पेट्रोल पंपवाल्याची गचांडी धरली! बिरदेवला बिरोबाची आण घ्यायला लावली! आणि इथं माझी जन्मदाती…

बजाबाई: काय झालं? मी काय केलं?

मानसिंग: आई, ह्या गाडीला पाणी विष आहे. तुझ्या त्या फुलपात्रानं…

हाशम: शेठ, आवाज खाली. आक्कांशी बोलताय तुम्ही.

मानसिंग: आणि तुम्ही! तुम्हाला ठाऊक होतं. ‘आज नको’ म्हणालात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं हे रोज… हे दर एकादशीला चालतंय म्हणून.

हाशम: पहिल्यांदा टाकी उतरवली तेव्हा जाळीत पान सापडलं. म्हटलं, कुठल्या झाडाचं पडलं असंल. दुसऱ्यांदा पुन्हा पान. हातावर चुरडून वास घेतला. तुळस. मग कॅलेंडर बघितलं. एकादशी.

मानसिंग: आणि मला सांगितलं ‘कचरा’!

हाशम: जीभ वळली नाई खरं सांगायला. मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही घरी जाऊन असंच वरडला असता. आता वरडलात तसं. आक्का मनापासनं करत होत्या. मी कोण त्यांना म्हणणारा की तुमचं तीर्थ टाकीत घाण करतंय? मी महिन्याला दोनदा टाकी धुतली, बस्स. पण आता दट्ट्यांना गंज धरायला लागला. म्हणून महबूबला पत्र टाकलं, कारबेटरची जोडी बघ म्हणून. कारबेटरला वाटी असती. तीर्थ वाटीत येतंय, बूच उघडून खाली सोडायचं. आक्कांचं बी चालू राहतंय, गाडी बी चालू राहती.

मानसिंग: म्हणजे आईला तीर्थ घालता यावं म्हणून तुम्ही अण्णांचं इंजिन बदलायला निघालात?

हाशम: हौ.

मानसिंग: जर्मनीत कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

बजाबाई: म्हंजी… हाशम, खरं सांग. इतकी वरसं मीच गाडी मारत हुते?

हाशम: मारत नव्हता, आक्का. पंधरवड्याला जरा आजारी पाडत होता.

बजाबाई: आन् त्या बसवराजच्या पोरानं वरात ढकलली ती?

मानसिंग: आदल्या दिवशी एकादशीच… नाही, ते जाऊ दे. आई, रडू नकोस. मी ओरडायला नको होतं. पण मला एवढं सांग, का घालायचीस? खंडेनवमीला गाडीची पूजा करतोच आपण. हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. मागाला करतो, विळ्याकोयत्याला करतो. पण मागाच्या तोंडात कुणी पाणी ओतत नाही.

बजाबाई: तुला काय सांगू? तू इचलकरंजीला गेला हुतास त्या दिशी. सूत आनाया.

मानसिंग: हो. दुसऱ्या दिवशी पोचलो मी.

बजाबाई: करकंबास्नं फोन आला, पाटलांच्या घरनं. तुज्या अण्णांच्या छातीत कळ आलीया, हाशम पाटलांच्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला तितंच हाय, त्यो घेऊन निघालाय सोलापूरला, दवाखान्यात. मला कळलं, ही येळ काय बरी न्हाय. म्या न्हाणीघरातनं तशीच उटले, तुळशीचं पान घाटलं फुलपात्रात, आन् दारात हुभी ऱ्हायले. म्हनलं, दवाखान्याच्या वाटंवर घर हाय, दोन थेंब तोंडात घालते आन् मग जाऊ दे पुडं. तीन घंटं हुभी हुते. गाडी आली. हाशम खाली उतरला, आन् माझ्याकडं बघितलं बी न्हाय त्यानं.

मानसिंग: आई…

बजाबाई: तोंड मिटलेलं. म्या पानी घाटलं तर व्हटावरनं खाली गळ्यावर आलं. चाळीस वरसं ह्या मानसाला म्या पंगतीला पयलं पानी वाडलं. आन् जाताना कोरडा गेला. जीव गेला त्यो ह्याच गाडीत. मग मी म्हनलं, त्यांच्या न्हाय तर न्हाय, गाडीच्या तोंडात तरी पडंल. कुटं तरी पोचंल. म्हातारीची येडी समजूत म्हना. पर एकादशीला ते झाकन लावलं की मला त्या दिशी भाकरी गोड लागायची.

मानसिंग: एकादशीला भाकरी?

बजाबाई: भगर रं, भगर! कुटं बोट ठिवावं तेबी कळंना व्हय तुला?

मानसिंग: चुकलो. चाचा, जोडी बसवा. महबूबला पंप देऊन टाका. माझं ठरलं. आईला घालू दे, पाहिजे तेवढं पाणी.

बजाबाई: न्हाय. पंप काढायचा न्हाय.

मानसिंग: अगं, मघापासनं मी नको म्हणत होतो आणि चाचा हो म्हणत होते. आता मी हो म्हणतो तर तू नको!

बजाबाई: त्यांची पिचकारी व्हती ती. जेवताना बी तिचंच कवतिक. माज्या पान्यापाई ती काढली म्हनल्यावर वरनं मला शिव्या घालतील. उद्यापासनं मी घालायची न्हाय. सोडलं म्या. ऱ्हाऊ दे त्यो मानूस कोरडा. माजंच नशीब.

हाशम: कोरडे नाई गेले.

बजाबाई: काय म्हनलास?

हाशम: अण्णा कोरडे नाई गेले, आक्का. मी पाजलं पाणी.

मानसिंग: चाचा, आईचं मन राखायला काहीतरी बोलू नका. हे असलं खोटं…

हाशम: अल्लाची कसम खातो. शेठ, तुम्ही बिरदेवच्या आणेवर विश्वास ठेवला नाई, माझ्या तरी ठेवा. मोहोळच्या अलीकडं रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी होती, लांबलचक, मुंगीच्या चालीनं चाललेली. अण्णा माझ्या बाजूला बसलेले, पुढं. मागं झोपा म्हटलं तर म्हणाले, माझ्या गाडीत मी मागं झोपू व्हय? घाम सुटलेला. म्हणाले, हाशम, घसा वाळलाय.

बजाबाई: मग?

हाशम: गाडीला पुढं माझी छागल बांधलेली होती. कापडी, पाण्याची. बाकी जवळ कायबी नव्हतं. ती सोडली, ओंजळ केली, तोंडाला लावली. एक घोट घेतला. दुसरा घेतला.

बजाबाई: गिळला का? का बाहीर आला?

हाशम: गिळला. मी गळ्याकडं बघत होतो. दोन्ही गिळले. वर म्हणाले, गार हाय रे.

बजाबाई: आन् तिसरा?

हाशम: तिसरा द्यायला लागलो तर माझा हात बाजूला सारला. म्हणाले, मला बास. उरलेलं रेडिएटरला घाल, मघापासनं तापलीया ती.

मानसिंग: आं?

हाशम: खरंच. बोटानं काट्याकडं दाखवलं. म्हणाले, इंजिन बसलं तर मला कशात नेतोस?

मानसिंग: हे… हे अण्णाच. हे दुसरं कुणी बोलूच शकत नाही. आई, तू हसतेस का रडतेस?

बजाबाई: मला काय ठावं! दोनी संगंच आलंय. जाताना बी तिचंच! माझं नाव तरी काढलं का रं?

हाशम: फाटकाच्या आधी काढलं होतं. म्हणाले, बजा वाट बघत असंल, जरा दामटव.

बजाबाई: दामटव म्हनले?

हाशम: हौ. मग मी उतरून रेडिएटरला पाणी घातलं, बॉनेट लावलं, आत येऊन बसलो. मालगाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं. मी म्हटलं, अण्णा, चला. ते गेले होते.

मानसिंग: सहा वर्षं, चाचा. हे एवढं सहा वर्षं पोटात ठेवलंत. कशासाठी?

हाशम: शेठ, तुमच्या घरात माझा कप येगळा हाय. कान तुटलेला. फळीवर एका बाजूला, पालथा.

मानसिंग: चाचा…

हाशम: रागानं नाई सांगत. तीस वर्षं त्याच कपात चहा प्यालो, चहा चांगला असतो. पण त्या घरच्या मालकाच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं ते माझ्या छागलीतलं. माझ्या तेलकट ओंजळीतनं. तुळस नाई, गंगा नाई, गॅरेजच्या नळाचं पाणी. आक्का दारात फुलपात्र घेऊन उभ्या. त्यांना कसं सांगू, की तुमच्याआधी मी पाजलं म्हणून? बाटवलं म्हणाल्या असत्या, तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? नाई सांगितलं तर निदान गाडीच बंद पडती. ती मी दुरुस्त करू शकतो.

बजाबाई: त्यो कप मी घरी गेल्या गेल्या फोडते.

हाशम: नक्को, आक्का. हाताला बसलाय तो. फोडू नका.

बजाबाई: मग पालथा ठेवायची न्हाय. आमच्यात ठिवीन. मानसिंग, फुलपात्र इकडं आन. हाशम, रेडिएटरला पानी चालतंय न्हवं?

हाशम: रेडिएटरला? कितीबी. पाण्यासाठीच असतो तो.

बजाबाई: मग तितं घालते. त्यांनीच सांगितलंया म्हनल्यावर आता शास्त्र इचाराय कुटं जायचं न्हाय. कुटं वतू? हितं?

हाशम: हौ, इथं. सावकाश. तुळशीचं पान तेवढं काढून घ्या, नळीत अडकंल.

बजाबाई: तुमा दोघा बापल्योकांच्या गाडीला पान बी चालंना.

मानसिंग: मग पंप राहिला, एवढं पक्कं ना? आणि गुरुवारचं काय, चाचा? विजयमाला ह्या गाडीतनं वैरागला पोचली पाहिजे. न ढकलता.

हाशम: टाकी धुतो, नळ्या धुतो, दट्ट्यांचा गंज मऊ कापडानं काढतो. दोन दिवस हायत. गंज वरवरचा हाय, आत खाल्लेला नाई. आन् गुरुवारी गाडी मी सोता चालवतो.

मानसिंग: नको. तुम्ही मागं बसा, विजयमालाच्या शेजारी. चालवायला बिरदेवला बोलावतो. पाया पडून आणतो त्याला.

हाशम: यायचा नाई तो. आण घेतलेली फुकट गेली त्याची.

मानसिंग: येईल. त्याला सांगतो, चोर सापडला. कोण ते मात्र सांगत नाही.

बजाबाई: सांग की. काय भीती हाय व्हय तुझी मला? जा आदी त्या मुंबैवाल्याकडं, पाच चहा पिऊन बसलंय बिचारं. त्याला शेंगाची चटणी दे बांधून, रिकामं धाडू नगंस.

मानसिंग: जातो. आणि येताना टांगेवाल्याला सोडून देतो. आई, तुला मी रिक्षानं नेतो.

बजाबाई: जा, जा. मी बसते हितं जरा. …हाशम.

हाशम: जी, आक्का.

बजाबाई: गार हाय म्हनले?

हाशम: गार हाय रे, म्हणाले. छागलीचं पाणी वाऱ्यानं गार होतं.

बजाबाई: सा वरसं दर एकादशीला तुझ्या म्होरनं गाडी येत-जात हुती. एक डाव तरी सांगायचं हुतंस.

हाशम: तुम्ही कधी विचारलंच नाई, आक्का. त्या दिवशी गाडीत मी एकटाच होतो त्यांच्यासंगं. मी रोज वाट बघायचो, आज विचारतील म्हणून.

बजाबाई: इचारनार हुते. लई येळा तोंडावर आलं, घोटभर पानी मिळालं का त्यांस्नी म्हून. पर तू न्हाय म्हनला असतास तर?